मुलांतील अ‍ॅटोपिक इसब : ओळख आणि निदान

सौंसर आणि पांढुर्णा हा संत्र्यांच्या बागांचा व कपाशीचा मुलूख. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन त्याचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील हवामान नागपूरकडील विदर्भासारखेच आहे : उन्हाळा कडक, पावसाळ्यानंतर बांधाबांधांवर माजलेले गाजरगवत आणि हिवाळ्यात अंग फुटावयास लावणारी कोरडी हवा. अशा प्रदेशात एखाद्या मुलाच्या अंगास खाज सुटली, चट्टे उठले, की घरी आणि शाळेत सामान्यतः तीन नावे निघतात. खरूज, गजकर्ण आणि हलक्या आवाजात कुष्ठरोग. चौथे नाव इसबाचे. ते पुष्कळदा सर्वांत उशिरा सुचते.

हा उशीर मुलाला महागात पडतो. इसब झालेले मूल खरजेच्या समजाने वर्गात वेगळे बसविले जाते. त्याच्या गालावरचा फिकट डाग पाहून शेजारी कुजबुजू लागतात. आणि दुकानातून आणलेल्या मलमाने दुखणे काही दिवस दबून पुन्हा जोराने उसळते. याच्या उलटही घडते. खरजेलाच इसब समजून मलम लावीत राहिल्यास सारे घर खाजवू लागते. म्हणून या रोगाची ओळख वैद्यकीय अधिकाऱ्यांइतकीच शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि पालक यांनाही असणे अगत्याचे आहे. अंतिम निदान वैद्याचेच. परंतु त्यास लागणारी निम्मी माहिती घरात व शाळेत असते.

रोगाचे स्वरूप

त्वचेचा दाह होऊन तेथे खाज, लाली, बारीक पुटकुळ्या, लस व पुढे जाड चट्टे दिसू लागले म्हणजे त्यास इसब म्हणतात. इसबाचे प्रकार अनेक आहेत. त्यांपैकी जो बहुधा बालपणी सुरू होतो, कमीजास्त होत वर्षानुवर्षे राहतो आणि ज्याचे दमा व वारंवार येणाऱ्या शिंका यांच्याशी घराण्यातून नाते असते, तो अ‍ॅटोपिक इसब होय. ‘अ‍ॅटोपी’ हा शब्द कोका व कुक या अमेरिकी वैद्यकांनी १९२३ साली वापरात आणला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘जागा सोडून असलेले’, म्हणजेच विलक्षण, असा आहे. १९३३ मध्ये वाइज व सल्झबर्गर यांनी त्वचेच्या या विकारास तेच नाव जोडले.

त्वचा ही शरीराची भिंत आहे. पेशी या तिच्या विटा आणि पेशींमधील स्निग्ध द्रव्य हा तिचा गारा. अ‍ॅटोपिक इसब असलेल्या व्यक्तीत ही भिंत मुळातच कच्ची असते. आतील ओलावा बाहेर जातो, बाहेरील धूळ, साबण व जंतू आत शिरतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा अवाजवी खवळते. भिंत बळकट करणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असल्यास या रोगाचा धोका वाढतो, हे डंडी विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले. सारांश, हा रोग अस्वच्छतेचा नाही, रक्त ‘बिघडल्याचा’ नाही आणि स्पर्शाने पसरणारा तर मुळीच नाही.

निदान प्रश्न विचारून व पाहून होते

अ‍ॅटोपिक इसब निश्चित ठरविणारी रक्ताची एकही चाचणी नाही. रक्तातील ‘आयजीई’ हे द्रव्य अनेक रुग्णांत वाढलेले असते. परंतु काहींत ते वाढत नाही, आणि जंतांसारख्या अन्य कारणांनीही ते वाढते. त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून रोग आहे अथवा नाही असे म्हणता येत नाही. निदानाची साधने दोनच : नीट विचारलेले प्रश्न आणि चांगल्या उजेडात केलेली संपूर्ण अंगाची पाहणी.

या पाहणीस शिस्त यावी म्हणून हॅनिफिन व राज्का या त्वचारोगतज्ज्ञांनी १९८० साली निकष मांडले. त्यांत चार मुख्य लक्षणे असून तेवीस गौण लक्षणे आहेत. प्रत्येक गटातील किमान तीन आढळल्यास निदान पक्के समजावे, असा नियम आहे. खाज, विशिष्ट जागी विशिष्ट रूपाचे चट्टे, दीर्घकाळ किंवा पुनःपुन्हा होणारा आजार आणि स्वतःस वा कुटुंबात अ‍ॅटोपीचा इतिहास ही ती चार मुख्य लक्षणे होत. तेवीस लक्षणांची यादी खेड्यातील दवाखान्यात पडताळणे कठीण. म्हणून ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या कार्यगटाने १९९४ मध्ये सुटसुटीत निकष तयार केले. ते असे :

आवश्यक अट : गेल्या बारा महिन्यांत त्वचेला खाज सुटणे. (लहान मुलांच्या बाबतीत मूल खाजविते किंवा अंग घासते, हे पालकांचे सांगणे ग्राह्य धरावे.)

त्याशिवाय पुढीलपैकी किमान तीन गोष्टी हव्यात :

१. कोपरांच्या आतील वळ्या, गुडघ्यांमागील वळ्या, घोट्यांचा पुढील भाग किंवा मान येथे पूर्वी इसब झाल्याचा इतिहास. दहा वर्षांखालील मुलांत गालांचाही समावेश करावा.

२. स्वतःस दमा किंवा परागज्वर झाल्याचा इतिहास. मूल चार वर्षांहून लहान असल्यास आई, वडील किंवा सख्खे भावंड यांना झालेला अ‍ॅटोपीचा कोणताही विकार चालतो.

३. गेल्या वर्षभरात सर्वांगाची त्वचा कोरडी असणे.

४. तपासणीच्या वेळी वळ्यांमध्ये प्रत्यक्ष इसब दिसणे. चार वर्षांखालील मुलांत गाल, कपाळ व हातापायांच्या बाहेरील बाजूंवरचे चट्टे धरावे.

५. वयाच्या दोन वर्षांपूर्वी रोगास सुरुवात. (मूल आज चार वर्षांहून लहान असल्यास हा निकष लावू नये.)

खाज नसेल तर तो अ‍ॅटोपिक इसब नव्हे, हे यातील पहिले सूत्र. खाज असूनही जागा व इतिहास जुळत नसतील, तर दुसरा रोग शोधावा, हे दुसरे.

‘परागज्वर’ हा शब्द पालकांना परिचित नसतो. त्याऐवजी, ‘याला सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ शिंका येतात काय? नाक व डोळे खाजतात काय?’ असे विचारावे. ‘दमा आहे काय?’ या प्रश्नासही लोक संकोचाने नकार देतात. ‘रात्री खोकल्याने झोप मोडते काय? छातीत शिट्टीसारखा आवाज येतो काय?’ असे विचारल्यास खरे उत्तर मिळते.

वयानुसार रोगाच्या जागा

तान्ह्या मुलात रोग बहुधा दोन ते सहा महिन्यांच्या सुमारास गालांवर सुरू होतो. गाल लाल, ओलसर व खपलीदार होतात. पुढे कपाळ, टाळू व हातापायांच्या बाहेरील बाजू यांवर चट्टे येतात. लंगोटाखालील भाग मात्र सहसा स्वच्छ राहतो, ही महत्त्वाची खूण आहे. तान्हे मूल खाजवू शकत नाही; ते आईच्या खांद्यावर किंवा अंथरुणावर गाल घासते व रात्री किरकिर करते.

दोन वर्षांनंतर रोग वळ्यांकडे सरकतो. कोपर, गुडघा, मनगट, घोटा व मान येथील त्वचा सतत खाजविल्याने जाड होते आणि तिच्यावरील रेषा ठळक दिसू लागतात. मोठेपणी हात, पापण्या, मान व वळ्या यांवर रोग टिकून राहतो. पुष्कळ मुलांत तो वयाबरोबर सौम्य होतो. परंतु त्वचेचा कोरडेपणा बहुधा राहतोच.

सावळ्या त्वचेवरील खुणा

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील चित्रांत इसब गुलाबी दिसतो. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर तशी लाली शोधू नये. येथे दाह झालेली त्वचा गडद तपकिरी, जांभळट किंवा राखी दिसते. काही मुलांत केसांच्या मुळाशी काटा आल्यासारखे बारीक दाणे उठतात. नजरेस ते चटकन दिसत नाहीत. म्हणून बोटे फिरवून पाहावे. खरखरीत, उष्ण व जाड त्वचा हाताला समजते. दाह शमल्यावर काळे किंवा फिकट डाग काही महिने राहतात. ते व्रण नव्हेत. ते हळूहळू जातात.

गौण खुणांपैकी काही शिक्षकांनाही दिसू शकतात : खालच्या पापणीखालची जादा घडी, डोळ्यांभोवतीची काळवंडलेली त्वचा, तळहातांवरील रेषांची दाटी, पिंढऱ्यांवरील माशाच्या खवल्यांसारखी त्वचा आणि सतत खाजविण्याने गुळगुळीत व चकचकीत झालेली नखे.

चकविणारे रोग

खरूज. ही सूक्ष्म किड्यामुळे होते व निकट सहवासाने पसरते. खाज रात्री असह्य होते. बोटांच्या बेचक्या, मनगटे, काखा, बेंबीभोवतीचा भाग, कंबर व जननेंद्रिये येथे पुटकुळ्या व किड्याने पोखरलेल्या बारीक रेषा आढळतात. तान्ह्या मुलांत तळहात व तळपायही सुटत नाहीत. निर्णायक प्रश्न एकच : ‘घरात आणखी कोणाला खाज आहे काय?’ अल्पावधीत दोघा-तिघांना खाज सुटली असल्यास प्रथम खरूज समजावी आणि एकाच दिवशी सर्व कुटुंबावर उपचार करावे. इसब असलेल्या मुलासही खरूज होऊ शकते, याचा विसर पडू नये.

गजकर्ण. हा बुरशीचा रोग. चट्टा गोल किंवा कमानदार असून कडा उठावदार व खवल्यांच्या असतात. मधला भाग त्या मानाने स्वच्छ दिसतो. तो कडेने वाढत जातो. इसबाच्या चट्ट्यास अशी रेखीव कड नसते आणि तो बहुधा दोन्ही अंगांस सारखा असतो. शंका असल्यास कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात.

डोक्यातील तेलकट कोंड्याचा इसब. हा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच येतो. टाळूवर पिवळट, तेलकट खपल्या धरतात. काखा व लंगोटाखालील भागही लाल होतो. परंतु मूल स्वस्थ झोपते. खाज फारशी नसणे हाच येथील भेद.

गाजरगवताचा इसब. पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलेले हे तण आज देशभर पसरले आहे. त्यातील पार्थेनिन नावाच्या द्रव्याची अ‍ॅलर्जी निंदणी करणाऱ्या शेतकऱ्यांत आढळते. पापण्या, चेहरा, मान, गळ्याचा उघडा भाग आणि कोपरांच्या वळ्या यांवर चट्टे येतात. वळ्यांमुळे फसगत होते. परंतु हा विकार मुख्यतः प्रौढांत सुरू होतो, बालपणीचा इतिहास नसतो आणि गवत वाढीस लागले की तो वाढतो. पाठीवर पट्टी लावून करावयाच्या चाचणीने मोठ्या रुग्णालयात त्याची खात्री करता येते. तिशी-चाळिशीनंतर प्रथमच सर्वांगाला इसब झाल्यास तो अ‍ॅटोपिक आहे असे गृहीत धरू नये. अन्य कारण शोधावे.

फिकट डाग आणि कुष्ठरोगाची भीती

अ‍ॅटोपिक प्रकृतीच्या मुलांच्या गालांवर फिकट, किंचित कोंडा असलेले, अस्पष्ट कडांचे डाग अनेकदा येतात. उन्हाने भोवतालची त्वचा रापली की ते अधिक उठून दिसतात. सामान्य लोक त्यांना जंतांचे डाग म्हणतात. वास्तविक त्यांचा जंतांशी संबंध नाही. हे डाग निरुपद्रवी असून काही महिन्यांनी जातात.

कुष्ठरोगाचा डाग यापासून ओळखता येतो. त्या डागावर बहुधा स्पर्श, उष्ण-थंड वा वेदना यांची जाणीव कमी झालेली असते, घाम येत नाही, लव गळते, खाज नसते. तथापि चेहऱ्यावर मज्जातंतूंचे जाळे दाट असल्याने तेथील कुष्ठाच्या डागावरही जाणीव शाबूत वाटू शकते. म्हणून चेहऱ्यावरील डागाबाबत घरच्या घरी निर्णय करू नये; आरोग्य कर्मचाऱ्यास दाखवावा व नसा तपासून घ्याव्यात. यात भिण्याचे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केल्यापासून कुष्ठरोग ठराविक मुदतीत पूर्ण बरा होतो आणि औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. डाग इसबाचा असो वा कुष्ठाचा, मुलाला शाळेबाहेर ठेवण्याचे कारण कोणत्याही बाबतीत उरत नाही.

निदान झाकणारी मलमे

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ मिश्र मलमांत तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक ही तिन्ही द्रव्ये एकत्र असतात. त्यांनी कोणतीही खाज दोन दिवसांत थंडावते. म्हणूनच ती धोक्याची आहेत. गजकर्णाची कड पुसली जाते व बुरशी आत पसरते. खरजेत खाज कमी होते, किडे मात्र वाढतात. चेहऱ्यावरील त्वचा पातळ होऊन तेथे लाली व मुरमे येतात. केंद्र शासनाने २०१८ साली अनेक स्टेरॉइड मलमे वैद्याच्या चिठ्ठीवरच विकावीत असे ठरविले, ते याच कारणाने. वैद्याने नेमून दिलेले योग्य तीव्रतेचे मलम योग्य मुदतीपर्यंत लावणे हा मात्र इसबाचा मान्य उपचार आहे. त्यास घाबरून तो अर्ध्यावर सोडू नये. रुग्णास दवाखान्यात नेताना आजवर लावलेल्या प्रत्येक मलमाची नळी, रिकामी असली तरी, सोबत न्यावी.

आहाराबाबतही गैरसमज आहेत. वांगी, दूध, आंबट फळे सरसकट बंद केल्याने बहुतेक मुलांचा इसब बरा होत नाही. वाढीच्या वयातील पोषण मात्र घटते. संत्र्याच्या रसाने ओठांभोवतीची नाजूक त्वचा चुरचुरते, ती रसाच्या आंबटपणामुळे. तोंड धुऊन व्हॅसलीन लावल्यास पुरे. एखादा पदार्थ खाताच मिनिटांत गांधी उठत असतील वा ओठ सुजत असतील, तर तो पदार्थ थांबवून वैद्याचा सल्ला घ्यावा.

विलंब न करण्याची लक्षणे

चट्ट्यांवर पू, मधासारखी पिवळी खपली वा वेदना दिसल्यास जंतूंचा संसर्ग झाला असे समजावे व त्याच आठवड्यात उपचार घ्यावा. परंतु इसब असलेल्या मुलास ताप येऊन अंगावर एकसारख्या आकाराचे, कोरल्यासारखे बारीक व दुखरे व्रण वेगाने पसरू लागल्यास तो नागिणीच्या कुळातील विषाणूचा गंभीर संसर्ग असू शकतो. अशा मुलास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. डोळ्यांजवळ व्रण असल्यास क्षणाचाही उशीर करू नये. सर्वांगाची त्वचा लाल होऊन सोलवटू लागणे हेही तातडीचे लक्षण आहे.

सरावासाठी उदाहरणे

१. सहा वर्षांची मुलगी. आठ महिन्यांची असताना गाल ओलसर व खपलीदार होत. आता दर हिवाळ्यात कोपरांच्या व गुडघ्यांमागील वळ्यांत खाज, तपासणीत तेथे जाड, काळसर त्वचा, सर्वांग कोरडे. घरात अन्य कोणास खाज नाही. — आवश्यक अट पूर्ण होते आणि १, ३, ४ व ५ हे निकष जुळतात. निदान अ‍ॅटोपिक इसब.

२. नऊ वर्षांचा मुलगा. महिनाभर रात्री खाज. बेचक्यांत व कमरेवर पुटकुळ्या. धाकटा भाऊ व आई यांनाही खाज. त्वचा थोडी कोरडी आहे. — कोरडेपणाने फसू नये. निदान खरूज, उपचार सर्वांचा.

३. पंचेचाळीस वर्षांचे शेतकरी. तीन वर्षांपासून पावसाळ्यात पापण्या, मान व कोपरांच्या वळ्यांवर चट्टे; बालपणी त्रास नव्हता; संत्र्याच्या बागेत स्वतः निंदणी करतात. — गाजरगवताच्या इसबाची शंका. तण उपटताना पूर्ण बाह्यांचा सदरा व हातमोजे वापरावे. रुग्णालयात पट्टी-चाचणी करून घ्यावी.

कोणी काय करावे

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकांनी शाळा व अंगणवाड्यांत जाऊन ज्या विकारांची तपासणी करावयाची आहे, त्यांच्या यादीत खरूज, बुरशीचे रोग व इसब यांचा समावेश आहे. पथक येण्यापूर्वी शिक्षकांनी वर्गात सतत खाजविणाऱ्या, झोप न झाल्याने पेंगणाऱ्या किंवा बाह्या ओढून हात झाकणाऱ्या मुलांची नोंद करून ठेवावी. नोंद गुप्त असावी. वर्गात नाव पुकारून अंग दाखविण्यास सांगू नये. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्यांनी गृहभेटीत घरातील इतरांच्या खाजेची चौकशी करावी.

पालकांनी निदान झाल्यावर रोजची निगा धरावी : कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, सौम्य साबण तोही मोजका, अंग टिपून ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल, सुती कपडे आणि कापलेली नखे. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी चिठ्ठीवर केवळ ‘खाज’ असे न लिहिता निदानाचे नाव व जुळलेले निकष लिहावेत, म्हणजे रुग्ण सौंसरहून छिंदवाड्यास किंवा नागपुरास गेला तरी पुढील वैद्यास धागा मिळतो.

इसब असलेल्या मुलास वर्गातील दुसऱ्या मुलाशेजारी, त्याच बाकावर बसविण्यास कोणतीही हरकत नाही. ही गोष्ट मुख्याध्यापकांनी पालकसभेत स्पष्ट शब्दांत सांगावी. मलमाने खाज थांबेल. परंतु वेगळे बसविल्याचे दुःख मुलाच्या मनात दीर्घकाळ राहते, आणि ते टाळणे पूर्णपणे गावाच्या हाती आहे.